भुताला दिलेला शब्द

आधीच सांगून टाकते, मागून कुणी म्हणायला नको. माझ्या अंगात भूत आहे. चोरून-लपवून नाही, चांगलं उजेडातलं आहे. मामानं त्याचं शूटिंग केलंय, वडील त्याच्याशी अहो-जाहो करून बोललेत अन् वस्तीवरच्या वीस-पंचवीस माणसांनी ते भर दुपारी चहा पीत बघितलंय. आता मी दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर सलाईन लावते, पेशंटच्या नातेवाइकांवर ओरडते. पण घरी फोन लावला की ते भूत मधे असतंच. कसं आलं, ते सांगते.

माझा बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीवरची एक पोरगी पळून गेली. मी तिला जन्मात दोनदा बघितलेलं, एकदा लग्नात अन् एकदा पिठाच्या गिरणीवर. तिचा माझा संबंध एवढाच. पण ती पळाली अन् आमच्या वस्तीवरच्या झाडून सगळ्या पोरी घरात बसल्या. हा कुठला न्याय? पळणारी गेली मजेत, कोंडलं आम्हाला! अण्णा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखणारा माणूस. एक मेंढरू जाळीतून निसटलं की बाकीच्यांची जाळी आवळायची, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. तेच त्यांनी मला लावलं.

"उंबऱ्याच्या भाईर पाय टाकायचा न्हाई," म्हणाले. "लगीन ठरंस्तवर."

अन् मला तर अंबाजोगाईला नर्सिंगला जायचं होतं. मार्क होते. फॉर्म भरायची मुदत तीन आठवड्यांवर आलेली. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आईनं धपाटे केले तेव्हा जेवले. धपाट्यांपुढं कुणाचं उपोषण टिकतं हो? आई मधे पडली तर तिला ऐकून घ्यावं लागलं, "तुला काय कळतंय?" तेव्हापासून अण्णांनी माझ्याकडं बघणंही सोडलं. बोलायचं झालं तर भिंतीकडं बघून बोलायचे.

अशात मामा उगवला. मामा म्हणजे आईचा धाकटा चुलतभाऊ. युसूफ वडगाव नावाच्या गावात त्याचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. माझ्या ताईच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलेलं, अन् ताईचं पोरगं रांगायला लागलं तरी अल्बमचा पत्ता नव्हता. आई त्याला बघितलं की आधी अल्बम विचारायची, मग पाणी. त्या दिवशी तो पाणी न पिताच म्हणाला, "दाजी, पिच्चर काढतोय. भुताचा. एक पोरगी असती, तिला घरात कोंडल्याली असती, अन् तिला भूत धरतंय. यूट्यूबला टाकणार हाय."

अण्णांनी विचार केला. "पोरगी घराभाईर जाती का पिच्चरमदी?"

"न्हाई न दाजी. पिच्चरच कोंडल्याल्या पोरीचा हाय."

"मग हीच घे," अण्णा म्हणाले. "ही कोंडल्यालीच हाय."

पिच्चर संपला की अल्बम, असं आईनं वदवून घेतलं अन् झालं, ठरलं. मला कुणी विचारलंच नाही. अहो, भूत व्हायचं का म्हणून माणसाला निदान विचारावं तरी!

शूटिंग दिवसा ठेवलं, कारण रात्री लाईटीचा भरवसा नाही. "रात्र मी कॉम्प्युटरमदी करतो," मामा म्हणाला. शेततळ्याला अंथरून उरलेला काळा कागद आणून त्यानं आमच्या मधल्या खोलीच्या खिडक्या झाकल्या. जून लागला तरी पावसाचा थेंब नाही, वर पत्रे. आत माणूस नुसता शिजत होता. माझे केस सोडले, डोळ्यांत काजळ फासलं अन् ताईच्या बाळाची पावडर तोंडाला थापली. घामानं तिची दहा मिनिटांत कणीक व्हायची. आई पदरानं पुसायची अन् मामा पुन्हा थापायचा.

मामाला लग्नाशिवाय जन्मात दुसरं काही शूट करायचं माहीत नव्हतं. मी जमिनीवर लोळतेय, गुरगुरतेय, अन् हा म्हणतोय, "मान जरा खाली. अशी, लाजल्यावानी."

"मामा, मी भूत हाय."

"हां, हां. मग डोळे मोठे कर. पण मान खालीच."

बघायला आलेल्या लोकांनाही कॅमेरा म्हणजे लग्नच. कॅमेरा फिरला की टोप्या नीट व्हायच्या, पदर डोक्यावर यायचे. मी किंचाळत केस उपटतेय अन् माझ्यामागं चुलती उभी राहून सरळ कॅमेऱ्यात बघून हसतेय. शॉट संपला की मामाच्या तोंडून सवयीनं निघायचं, "चला, आता मुलीकडची मंडळी!" अन् मंडळी खरंच येऊन माझ्या दोन्ही बाजूंनी ओळीनं उभी राहायची. अशा बऱ्याच फोटोंत मी मधोमध पांढरीफटक अन् बाजूला सगळं खानदान हात बांधून.

तिसऱ्या दिवशी गावचे पुढारी आले. पांढऱ्या गाडीतून, मागं चार माणसं. "पिच्चरमदी आपला बी रोल पायजे," म्हणाले. नाही कोण म्हणणार? मग मामानं एक शॉट घातला. मी केस मोकळे सोडून कोपऱ्यात बसलेय, पुढारी आत येतात, अण्णा त्यांना शाल अन् नारळ देतात. पुढाऱ्यांना कॅमेरा चालू आहे एवढं कळलं, बस. पाणंद रस्त्यावर पाच मिनिटं बोलले. शेवटी माझ्याकडं वळले, हात जोडले अन् म्हणाले, "ह्या कुटुंबाच्या अन् ह्या भुताच्या पाठीशी मी खंबीरपणे उभा हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गुरगुरायचं विसरून गेले.

अण्णा सगळे दिवस दारात काठी आडवी टाकून बसलेले. राखण म्हणून. पण तोंड गप्प बसेल तर शपथ! "भूत कुठं मांडी घालून बसतंय का बे पाव्हणं?" "भुताला पंखा कावून लावला?" मामा कावला होता, पण करतो काय, घर त्यांचं, भूतही त्यांचंच.

भूत उतरवणाऱ्या देवऋषीचं काम केजचा एक हौशी नट करणार होता. दाढीबिढी वाढवलेली त्यानं. ऐन दिवशी त्याचा फोन आला, साडूच्या पोराचं लग्न निघालंय, येत नाही. मामानं कपाळाला हात लावला अन् इकडंतिकडं बघितलं. दारात अण्णा. मुंडासं, धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"दाजी, तुमीच."

अण्णा आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, "तुमाला न्हाई तरी नीट जमतच न्हाई." काठी भिंतीला टेकवून आत आले.

मामानं त्यांच्या हातात भंडारा म्हणून रांगोळीच्या पिवळ्या रंगाची पुडी दिली. अण्णांनी ती उघडली, वास घेतला अन् दाराबाहेर फेकून दिली. "देवाचं नाटक करायचं न्हाई. भंडारा मनलं की भंडारा." अन् देव्हाऱ्यातून खंडोबापुढची पितळी वाटी घेऊन आले.

इथं जरा थांबून सांगायला पाहिजे. भंडारा म्हणजे हळदच, पण देवापुढची. आमच्या मेंढरं राखणाऱ्या माणसांत भंडारा हातात घेऊन शब्द दिला की तो मोडत नसतो. कागद मोडतील, सोयरिकी मोडतील, हा नाही. अण्णांनी भंडारा उचलून तंबाखू सोडली होती. पुढं दाढ इतकी ठणकली की गाल टमाट्याएवढा झाला, सगळे म्हणाले चिमूटभर धरा तिथं, बरं वाटेल. धरली नाही. असा माणूस मूठभर खरा भंडारा घेऊन खोट्या भुतासमोर बसला.

मामानं लिहिलेलं सोपं होतं. अण्णांनी विचारायचं, काय पाहिजे? मी म्हणायचं, काळी कोंबडी अन् हिरवी चोळी. अण्णांनी "दिली" म्हणून भंडारा लावायचा.

पहिल्या वेळी अण्णांनी भुताची चौकशीच सुरू केली. "तुमी कुठल्या? गाव कंचं? कुळी कंची? तिकडं पाऊसपाणी कसाय?"

"दाजी, ते लिव्हल्यालं न्हाई."

"अरं, माझ्या पोरीच्या अंगात कोण बाई येऊन बसली, ते इचारू नको व्हय? बाप हाय मी."

दुसऱ्या वेळी मी "काळी कोंबडी" म्हणाले अन् मागून चुलतीचा आवाज आला, "आमच्याकडं हाय एक काळी. आणू का?"

तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यात पावडर गेली. आग आग झाली. त्या आगीतून बघितलं तर अण्णा समोर मूठ वळून बसलेले अन् थेट माझ्या डोळ्यांत बघत होते. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. भुताकडं का होईना, पण बघत होते.

"बोला माय," ते म्हणाले. "काय पायजे तुमाला? मागाल ते देतो. ह्या भंडाऱ्याची आण."

खरं सांगते, मी काही ठरवलेलं नव्हतं. कोंबडीच म्हणायला तोंड उघडलं. पण त्या डोळ्यांकडं बघून माझा बांधच फुटला. "मला नर्सिंगला जायचंय," मी ओरडले. "अंबाजोगाईला! फॉर्मला सहा दिवस राहिलेत!"

 कुणीतरी हातातली बशी खाली ठेवली. मामानं कॅमेरा बंद केला नाही, कारण लग्नवाल्याला ती सवयच नसते, मंगलाष्टकं काही कुणी पुन्हा म्हणत नाही. अण्णांच्या बोटांतून भंडारा खाली गळायला लागला. मला वाटलं आता उठतील अन् कानफटात देतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातल्या भंडाऱ्याकडं बघितलं.

"दिलं," म्हणाले. माझ्या कपाळाला अंगठा दाबून भंडारा लावला अन् उठून तडक मेंढरांकडं निघून गेले.

मला आनंद झाला की भीती वाटली, अजून सांगता येत नाही. दोन्ही झालं असणार.

सकाळी अण्णांनी भिंतीकडं बघून जाहीर केलं, "शब्द भुताला दिलाय. पोरीला न्हाई. भूत जाऊ दे नर्सिंगला. पोरगी घरात ऱ्हाईल."

आहे का आता! हा घोळ देवळापुढच्या लिंबाखाली गेला. चार म्हातारी माणसं बसली. मी चेष्टा करत नाहीये, खरोखर तासभर यावर खल झाला. एक म्हणाले, भुताला बारावीची मार्कशीट लागेल, ती कुठंय? दुसरे म्हणाले, भूत जुनं असतंय, जुनी मॅट्रिक चालंल. तिसरे अण्णांचे चुलते. त्यांना पुतण्याची कीव आली. ते म्हणाले, "अरं, पिच्चरमदला भंडारा तो. रंगच आसंल. रंग हुता मन अन् मोकळा हो."

सगळे अण्णांकडं बघायला लागले. देऊळ आमच्या घरासमोरच. मी उंबऱ्यात उभी होते, तिथून सगळं ऐकू येत होतं. 'हो' म्हणायचा अवकाश, संपलं होतं माझं. अण्णांच्या विरोधात साक्ष कोण देणार?

"देव्हाऱ्यातला हाय," अण्णा म्हणाले.

मी त्या दोन आठवड्यांत त्यांना मनातल्या मनात लई शिव्या घातल्या होत्या. पण ह्या दोन शब्दांसाठी धावत जाऊन पाय धरावेसे वाटले. जाता येत नव्हतं, उंबरा होता.

तेवढ्यात आई निघाली. देवळापुढं चार माणसांत कधी न बोललेली बाई. हातात माझी कपड्यांची पिशवी. ती लिंबाखाली नेऊन आपटली अन् म्हणाली, "ही भुताची पिशवी. भरलीय मी. बोलवा भुताला. त्यानं पिशवी धरावी अन् एकट्यानं यष्टीत चढून दाखवावं. मंग माझी पोरगी जलमभर घरात ऱ्हाईल."

सगळे पिशवीकडं बघत बसले. पिशवी काही हलली नाही. शेवटी सगळ्यांत म्हाताऱ्या बाबांनी निकाल दिला, "भूत बिनअंगाचं जात नसतंय. अंग द्यावं लागंल."

"अंग माझ्या पोरीचं हाय," अण्णा म्हणाले.

"मग शब्द द्यायच्या आधी इचार करायचा व्हता," बाबा म्हणाले अन् उठले.

केजला ऑनलाईन फॉर्म भरायच्या दुकानात अण्णा स्वतः घेऊन गेले. दुकानातल्या बाईंना त्यांनी विचारलं, "फॉर्म एकच लागंल का दोन?" बाईंनी माझ्या मागं बघितलं, दुसरी कोण आहे म्हणून. मी म्हटलं, "एकच. एकच भरा ताई."

पुढचे दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. भुताशी मात्र बोलायचे. "बगा बाई, तुमी ज्या पोरीत ऱ्हाता ती अर्धी भाकर टाकून उठली." "बाई, पोरीला सांगा, चपलेचा अंगठा तुटलाय, शिवून आणलाय." मी पोरगी म्हणून उत्तर दिलं की ऐकू येत नसल्यासारखं करायचे. शेवटी मी पिच्चरमधल्या घोगऱ्या आवाजात "बरं" म्हणायला शिकले. आई कपाळ बडवून घ्यायची. "एक येडं व्हतं, आता दोन झाली," म्हणायची.

जायच्या दिवशी फाट्यावर तेच आले सोडायला. एसटी दिसायला लागली तेव्हा माझ्याकडं वळले. घसा खाकरला.

"बाई," भुताला म्हणाले, "तुमी जुन्या, जाणत्या. ही पोरगी लहान हाय. हिला ताप आला की बडबडती, तवा उशाला बसावं लागतं. अंधाराला भिती, पण सांगत न्हाई. हिला एकटं सोडू नका." मग पिशवीची गाठ पुन्हा आवळली. "अन् हिला सांगा, बापानं रागानं न्हाई कोंडली. बापाला भ्या वाटलं मनून कोंडली. मला सांगायला जमत न्हाई."

मला रडू आवरेना. अण्णा म्हणून गळ्यात पडावं वाटत होतं. पण ते माझ्याशी कुठं बोलत होते? गाडी येऊन थांबली, कंडक्टर घाई करायला लागला. मी घोगरा आवाज काढायला गेले तर तो निघेचना. कसंबसं "बरं" म्हणाले. ते माझंच होतं. अण्णांनी मान हलवली अन् पिशवी वर चढवून दिली.

दिवाळीला घरी आले तर मामा अल्बम घेऊन हजर. एकदाचा! ताईचं लग्न सगळं नीट, फक्त शेवटच्या पानावर बदामाच्या चौकटीत माझा पावडर फासलेला फोटो. "गडबडीत मिसळला," म्हणाला. आईनं त्याला चकलीऐवजी बोलणी खायला घातली. पण तो आला होता वेगळ्याच कामाला. पिच्चरचा शेवट राहिला होता. अण्णांनी लिंबू उतरवायचं, भूत निघून जायचं, संपलं. पाच मिनिटांचं काम.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"दाजी, पाया पडतो. भूत काढल्याबिगर पिच्चर कसा संपंल?"

"नगं संपू दे. तीन वर्सं शिक्षान हाय. भूत निघालं की शब्द बी निघाला. मग चार मानसं इचारतील, आता कावून ठिवली पोरगी तिकडं? आता काय सांगू त्यास्नी? आज सांगतो, शब्द हाय, माझा विलाज न्हाई."

मामा माझ्याकडं बघायला लागला, मी अण्णांकडं. ते भिंतीकडं बघत होते, पण कान लाल झाले होते. म्हणजे शब्दानं बांधलेला माणूस आता ती गाठ स्वतःच धरून बसला होता. मामानं गपचूप कॅमेऱ्याची तिकाटी मिटली.

तीन वर्षं झाली, शिक्षण संपलं. मामानं पुन्हा विचारलं. "आता नोकरी लागू दे," अण्णा म्हणाले. नोकरी लागली. मामा परवा पुन्हा गेलता. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले म्हणे, "चांगली बाई हाय ती." पिच्चर अजून तसाच पडलाय.

अण्णा आता माझ्याशी बोलतात. मेंढरांचं, पावसाचं, आईच्या गुडघ्याचं. पण फोन ठेवायच्या आधी रोज एकच विचारतात, "दोघी जेवल्या का?"

"जेवलो अण्णा," मी म्हणते. "दोघी जेवलो."